आज तारीख काय? काळ्या खिडकीतल्या एका साध्या प्रश्नाचा इतिहास



'आज तारीख काय हो?' हा प्रश्न आपण बँकेत स्लिप भरताना शेजारच्याला सहज विचारतो. तो सांगतो, आपण लिहितो, काम संपतं. हाच प्रश्न संगणकाला विचारायला गेलं, की चाळीस वर्षांहून जास्त जुना इतिहास आडवा येतो. आजच्या भागात तो इतिहास पाहू. विषय तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. ज्यांनी आयुष्यात एकही आज्ञा टाइप केलेली नाही, त्यांनाही हे समजावं अशा बेतानं मी सांगणार आहे.

आधी बॅच फाइल म्हणजे काय ते सांगतो. विंडोजमध्ये एक काळी खिडकी उघडते, तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे एकेक आज्ञा टाइप करायची आणि संगणकाने ती पाळायची. रोज त्याच दहा आज्ञा द्यायच्या असतील, तर त्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवतात. ती झाली बॅच फाइल. बॅच म्हणजे गठ्ठा. पंच कार्डांच्या काळात कामाची कार्डं गठ्ठ्याने ऑपरेटरकडे द्यायची आणि यंत्राने ती एकामागून एक उरकायची, तिथून हा शब्द आला.

आजही लहान दुकानं, दवाखाने, पतसंस्था, हिशेबनिसांची कार्यालयं अशा फाइलींवर चालतात. रात्री दहाला एक बॅच फाइल आपोआप सुरू होते, दिवसभराच्या हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकते आणि प्रतीच्या नावात त्या दिवसाची तारीख घालते. काम एवढंच. यातला सगळ्यात अवघड भाग कोणता? प्रत काढणं नव्हे. नावात तारीख घालणं!

यंत्र तारीख विचारायचं तो काळ

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यावर डॉस चालायचं. या यंत्रात बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. वीज गेली की यंत्र काळ विसरायचं. त्यामुळे चालू केल्यावर डॉस पहिल्यांदा माणसालाच विचारायचं, आजची तारीख द्या. कशी द्या, तेही कंसात लिहिलेलं असे: महिना, दिवस, वर्ष. यंत्र अमेरिकेत जन्मलं, म्हणून त्याने अमेरिकेची रीत घेतली.

घाईतला माणूस काय करतो? काहीच न लिहिता एंटर दाबतो. मग डॉस १ जानेवारी १९८० ही तारीख धरून चालायचं. जुन्या फ्लॉपींवर अजूनही या तारखेच्या फाइली सापडतात. त्या दिवशी जगात कुणी एवढं काम केलेलं नव्हतं. ती सारी एंटरची कृपा!

यंत्राच्या पोटात तारीख कशी ठेवली होती, ते मात्र नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. फाइलच्या नोंदीत तारखेसाठी सोळा बिट दिले होते. सात बिट वर्षाला, चार महिन्याला, पाच दिवसाला. वर्ष १९८० पासून मोजायचं. सात बिटांत १२८ आकडे बसतात, म्हणून ही पद्धत २१०७ सालापर्यंत पुरते. आणि क्रम? सगळ्यात वरच्या बाजूला वर्ष, मग महिना, मग दिवस. असा क्रम ठेवला, की दोन तारखांतली आधीची कोणती हे नुसता आकडा लहान की मोठा एवढं पाहून कळतं.

म्हणजे आतमध्ये पहिल्या दिवसापासून शिस्त होती. तिथे महिना कोणता आणि दिवस कोणता असा घोळ होऊच शकत नाही. घोळ सुरू होतो तो ही तारीख माणसाला दाखवण्यासाठी बाहेर काढताना.

एका शब्दाचा जुगाड

१९८४ मध्ये आयबीएमच्या एटी यंत्रात बॅटरीचं घड्याळ आलं आणि रोज तारीख सांगण्याचा त्रास सुटला. त्याच सुमारास डॉसला देश सांगायची सोय झाली. सुरुवातीच्या फाइलीत देशाचा आकडा लिहायचा, तो बहुतेक टेलिफोनचाच: अमेरिकेला १, इंग्लंडला ४४, जर्मनीला ४९. देश बदलला की तारखेची मांडणी बदलायची. वापरणाऱ्याला बरं वाटलं. बॅच फाइल लिहिणाऱ्याच्या पायाखालची जमीन मात्र तेव्हाच सरकली, कारण आता एकच तारीख प्रत्येक देशात वेगळी दिसणार होती.

शिवाय डॉसच्या बॅच फाइलीला तारीख कळण्याची थेट सोय नव्हती. तारखेची आज्ञा दिली की पडद्यावर इंग्रजीत वाक्य यायचं, 'करंट डेट इज' आणि पुढे वार आणि तारीख. हे वाक्य माणसासाठी होतं. मग लोकांनी एक जुगाड शोधला, आणि मला तो फार आवडतो.

त्यांनी ते वाक्य पडद्याऐवजी एका तात्पुरत्या बॅच फाइलीत लिहवून घेतलं आणि ती फाइल चालवली. डॉसला वाटलं, 'करंट' नावाचा कुठला तरी कार्यक्रम चालवायचाय. म्हणून लोकांनी आधीच 'करंट' नावाची एक बॅच फाइल तयार करून ठेवली होती! तिच्या हाती वाक्यातले उरलेले शब्द पडायचे: पहिला 'डेट', दुसरा 'इज', तिसरा वार आणि चौथी तारीख. चौथा शब्द उचलला की काम फत्ते.

हुशारी आहे की नाही? पण हा जुगाड इंग्रजी डॉसवरच चालायचा. दुसऱ्या भाषेतलं डॉस असेल तर वाक्याचा पहिला शब्दच वेगळा. माणसाला दाखवण्यासाठी लिहिलेलं वाक्य कापून त्यातून यंत्रासाठी माहिती काढायची, ही सवय इथे लागली. ती आजवर सुटलेली नाही.

कात्री आली

१९९३ मध्ये विंडोज एनटी आलं आणि त्याच्याबरोबर आज आपण वापरतो ती काळी खिडकी. पुढे तिच्यात मजकुराचा हवा तेवढा तुकडा कापून घेण्याची सोय आली: इतक्या अक्षरांनंतर सुरू करा, इतकी अक्षरं घ्या. विंडोज २००० मध्ये तारीख थेट एका नावाखाली मिळू लागली. दोन टक्के चिन्हांच्या मध्ये 'डेट' लिहायचं, की त्या जागी आजची तारीख येते.

लोकांना वाटलं, सुटलो! वाक्य फोडायला नको, नुसती कात्री चालवायची. पण त्या नावाखाली काय येतं? माणसाला दाखवायची तीच तारीख, त्या यंत्राच्या सेटिंगप्रमाणे. १५ मार्च २०२४ हा एकच दिवस घ्या. एका यंत्रावर तो १५-०३-२०२४ असा दिसेल. अमेरिकी सेटिंगवर आधी वाराची तीन रोमन अक्षरं, मग मोकळी जागा, मग ०३/१५/२०२४. थायलंडच्या सेटिंगवर वर्ष ५४३ ने पुढे, म्हणजे २५६७! तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबरच आहेत.

आता याची किंमत काय असते ते सांगतो. माझ्या परिचयाचं एक लहान कार्यालय आहे. नाव-गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथे रात्रीच्या प्रतीसाठी बॅच फाइल होती. ती लिहिणाऱ्याने समोरच्या यंत्रावर १५-०३-२०२४ अशी मांडणी पाहिली होती. त्याने पहिली दोन अक्षरं दिवस म्हणून घेतली, चौथं आणि पाचवं महिना म्हणून, आणि सातव्यापासून चार अक्षरं वर्ष म्हणून. कित्येक वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग यंत्र बदललं. नवं यंत्र अमेरिकी सेटिंगवर आलं आणि कुणी ते बदललं नाही. बदलायचं कारणही कुणाला दिसत नव्हतं. रात्री दहाला फाइल चालू झाली. तिने सातव्या अक्षरापासून चार अक्षरं कापली. हातात काय आलं? तिरकी रेघ, १५, पुन्हा तिरकी रेघ. हे झालं वर्ष! महिन्याच्या जागी एक मोकळी जागा आणि शून्य. दिवसाच्या जागी वाराची दोन अक्षरं. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. डॉसच्या पहिल्या दिवसांपासून ती रेघ आज्ञेला जोडायच्या खुणांसाठी राखून ठेवलेली आहे. प्रत निघालीच नाही. काळ्या खिडकीत चुकीची एक ओळ चमकली आणि खिडकी बंद झाली. कार्यालयात त्या वेळी कुणी नव्हतं.

तीन आठवड्यांनी डिस्क बिघडली, तेव्हा शेवटची प्रत जुन्या यंत्राच्या शेवटच्या दिवसाची निघाली. दोन मुली आणि एक कारकून पावतीपुस्तकं समोर घेऊन कितीतरी दिवस सगळ्या नोंदी पुन्हा भरत बसले होते. ज्या व्यवहारांची पावती हरवली होती, त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

यात दोषी कोण? बॅच फाइल तिच्या यंत्रावर बरोबर होती. नवं यंत्रही त्याच्या सेटिंगप्रमाणे बरोबर होतं. एकाने दुसऱ्याची रीत गृहीत धरली, एवढंच झालं.

आणि हे त्यातल्या त्यात बरं प्रकरण म्हणायचं, कारण इथे यंत्राने निदान चूक दाखवली. ०३-०४-२०२४ पाहा. ३ एप्रिल की ४ मार्च? तारीख १ ते १२ च्या मधली असली, की दिवस आणि महिना एकमेकांच्या जागी बसू शकतात. बारा महिन्यांत असे १४४ दिवस. १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे जुळे आकडे असलेले १२ सोडा, उरले १३२. म्हणजे वर्षातले १३२ दिवस तारीख उलटी वाचली तरी यंत्र हूं की चूं करत नाही.

हा घोळ यंत्राने आणलेला नाही

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. जुने कागद वाचताना आमचा पहिला प्रश्न असतो, ही तारीख कुणाच्या रीतीने लिहिली आहे?

शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती जानेवारी १६६४ मध्ये. पण त्या काळच्या इंग्रजांच्या हिशेबात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून त्यांच्या कागदात तोच जानेवारी १६६३ सालातला असतो. आकडा वाचून थेट वहीत उतरवला, तर स्वारी एक वर्ष आधी जाऊन बसेल.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. हे ऐकणारे काही जण इंदूर, ग्वाल्हेर, वाराणसीकडचे मराठी असतील. आपल्याकडे गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला. शेजारच्या हिंदी भाषक घरात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी. चंद्र तोच, उपास तोच, महिन्याचं नाव मात्र वेगळं, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. दोन्ही घरांतलं पंचांग बरोबर आहे. पण एका घरातल्या माणसाने दुसऱ्या घरातल्या पंचांगातला नुसता महिना उचलला, तर तो महिनाभर चुकेल.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तेव्हा देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगं चालू असल्याचं दिसलं. त्यातून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका सुरू झाली. घरोघरची पंचांगं तिने बंद केली नाहीत, सणवार आपापल्या पंचांगाप्रमाणे चालूच राहिले. सरकारी व्यवहाराला मात्र सगळ्यांना सारखी वाचता येईल अशी एक रीत मिळाली. घरात आपली रीत आणि चारचौघांत ठरलेली रीत, हा समजूतदारपणा संगणकालाही लागतो.

ठरलेली रीत

१९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ८६०१ हे मानक प्रसिद्ध केलं. त्यात आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस: २०२४-०३-१५. भारतीय मानक आयएस ७९०० ही हीच रीत सांगतं. डॉसने सोळा बिटांत घातलेला क्रम आठवतो ना? तोच हा! आत जी शिस्त होती ती अखेर बाहेर लिहायलाही आली.

याचा रोजचा फायदा असा, की फाइली नावाप्रमाणे लावल्या की आपोआप काळाप्रमाणे लागतात. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एका ठिकाणी गोळा होतात. मग 'सगळ्यात वरची जुनी प्रत पुसा' अशी आज्ञा लिहिणारा माणूस एखाद दिवशी कालचीच प्रत पुसून बसतो.

पण ही मांडणी बॅच फाइलीत आणायची कशी? विंडोज एक्सपीबरोबर डब्ल्यूएमआयसी नावाचं एक साधन आलं. त्याला यंत्राची वेळ विचारली की सेटिंग कोणतंही असो, उत्तर एकाच साच्यात येतं: २०२४०३१५०९०५१२, पुढे टिंब, सेकंदाचा अंश आणि शेवटी +३३०. हे ३३० म्हणजे आपले साडेपाच तास मिनिटांत! यंत्र ग्रिनिचपासून किती पुढे आहे, तेही त्यात सांगितलेलं असतं. या उत्तरावर कात्री चालवायला हरकत नाही, कारण ते यंत्रासाठीच लिहिलेलं आहे आणि जागेवरून हलत नाही. अनेक वर्षं जाणकार हाच मार्ग सांगत आले. पण २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे साधन मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं आणि नव्या विंडोज ११ मध्ये ते आपोआप मिळत नाही.

आजचा रस्ता पॉवरशेलचा. २००६ मध्ये आलेल्या या साधनाला मांडणी आपण सांगायची असते: चार अंकी वर्ष, आडवी रेघ, दोन अंकी महिना, आडवी रेघ, दोन अंकी दिवस. बॅच फाइलीने एका ओळीत पॉवरशेलला हाक मारायची, आलेलं उत्तर एका नावाखाली ठेवायचं आणि पुढे सगळीकडे तेच वापरायचं. इथे फक्त एक अक्षर सांभाळा. महिन्यासाठी रोमन एम मोठा लिहायचा. लहान लिहिला तर मिनिटं येतात. सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी चालवलेली फाइल ऐन डिसेंबरातही मे महिना दाखवेल आणि पाहणाऱ्याला शंकाही येणार नाही.

अजून तीन खड्डे

जाता जाता तीन खड्डे दाखवून ठेवतो. आजही लोक त्यांत पडतात.

पहिला ऑगस्टचा. काळ्या खिडकीत बेरीज-वजाबाकी करताना आकड्याच्या आधी शून्य असेल, तर तो अष्टमान पद्धतीचा धरला जातो. ही सी भाषेतली जुनी रीत. अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत. त्यामुळे महिन्याचं गणित करणारी फाइल जानेवारी ते जुलै गुमान चालते आणि ०८ येताच अडते. सप्टेंबरातही अडते. ऑक्टोबरात पुन्हा सुरळीत! उपाय जुना आहे: आकड्याच्या आधी १ जोडा आणि मग १०० वजा करा. १०८ मधून १०० गेले, उरले ८.

दुसरा सकाळचा. तारखेसारखंच वेळेलाही एक नाव आहे. त्यातून मिळणारी वेळ सकाळी दहाच्या आधी शून्याऐवजी मोकळ्या जागेने सुरू होते. फाइलच्या नावात ती मोकळी जागा घुसली, की पुढची आज्ञा त्या नावाचे दोन तुकडे समजते. रात्री दहाला नीट चालणारी फाइल सकाळी नऊला मोडते ती यामुळे.

तिसरा मध्यरात्रीचा. तारीख एका ओळीत आणि वेळ पुढच्या ओळीत विचारली, आणि त्या दोन ओळींच्या मध्ये बारा वाजले, तर तारीख कालची आणि वेळ आजची. नोंद पूर्ण एक दिवस मागे. म्हणून तारीख-वेळ एकदाच, एकत्र विचारायची आणि मग तिचे भाग करायचे.

आता मुद्दा. दिसणारी तारीख माणसासाठी असते. ती वाऱ्यासारखी दिशा बदलते, आणि बदलावी, कारण इंदूरच्या आजोबांना आणि न्यूयॉर्कच्या नातीला ती आपापल्या सवयीची दिसली पाहिजे. पण जी तारीख नोंदीत जाणार आहे, उद्या कुणीतरी जिच्या भरवशावर हरवलेला हिशेब शोधणार आहे, ती आपण सांगू त्याच मांडणीत मागून घ्यायची. पडद्यावरची कापून घ्यायची नाही.

आज घरी किंवा दुकानात गेलात की एक काम करा. तुमच्या हिशेबाच्या प्रती जिथे साठतात ती जागा उघडा आणि सगळ्यात नव्या प्रतीचं नाव वाचा. त्यात कालची तारीख आहे का? वर्ष आधी आहे का? मग ती प्रत उघडून पाहा, आत कालचा हिशेब आहे ना? दोन मिनिटांचं काम आहे. नाव चुकीचं निघालं, तर ते आजच कळलेलं बरं, डिस्क अजून चालू आहे तोवर.

भेटू पुढच्या भागात.